हँडलला लागलेला रस्सा

हळदीच्या जेवणात यथेच्छ ढोसून नगरसेवक खैरमोडे यांनी स्वतःच गाडी काढली आणि मांडवाच्या खांबावर घातली. हवालदार आला. खैरमोड्यांनी ड्रायव्हर नामदेवकडे बोट दाखवलं, म्हणून त्याचाच परवाना जप्त व्हायची वेळ आली.

"मी स्टिअरिंगला हात लावीन?" खैरमोडे म्हणाले. "मी गाडीचं दारसुद्धा स्वतः उघडत नाही. नामदेव उघडतो, तेव्हा उतरतो."

शेजारच्या शेवंतामावशींना राहवतंय थोडंच.

"खरंय हो, हवालदारसाहेब. आत्ताही नामदेव पंगतीतून खरकट्या हाताने धावत आला, त्याने दार उघडलं, मगच साहेब उतरले. ते बघा, स्टिअरिंगकडच्या दाराच्या हँडलला मटणाचा रस्सा लागलाय."

हवालदाराने तपासणीची नळी खैरमोड्यांच्या तोंडापुढे धरली. "फुंका, साहेब. परवाना आता तुमचा जाईल. दंड की कैद, ते कोर्ट सांगेल."

नामदेव हात धुवायला गेला.