खंडेनवमीचा पान्हा

हत्यारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. सबनीसांच्या मोटारघरातला, म्हणजे राहायची सोय असलेल्या प्रवासी गाडीतला, कमोड बुडाशी सैल होऊन डुगडुगू लागला. त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. आजोबांनी सकाळीच पान्ह्याला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता.

कमोड म्हणाला, "पान्हेराव, माझे बोल्ट तेवढे आवळा. पुढे घाट आहे."

"आज आमची पूजा," पान्हा म्हणाला. "आज हत्यार कामाला लावत नाहीत. हवं तर आजोबांना विचार."

"मग आज मलाही सुट्टी का नाही?"

पान्हा झेंडू सावरत बसला.

घाटातल्या दुसऱ्या वळणावर कमोड कलंडला. त्यावर आजोबा बसले होते. आतूनच ते मुलाला शांतपणे म्हणाले, "सुधन्वा, गाडी थांबव. देवावरचा झेंडू काढ आणि देवाला इकडे घेऊन ये."