कमळजा कासारीण आणि ओढीची घंटा

एका राज्यात, जेथे पक्षी दरबारात साक्ष देत आणि मांत्रिक डोंगरावर राहून राजाचा कर चुकवीत, त्या राज्याच्या राजधानीत एक पेठ होती. त्या पेठेत कमळजा नावाच्या कासारणीचे बांगड्यांचे दुकान होते. दुकान बापाने तिच्या हाती दिलेले. लाकडी उंबरा, आत सतरंजी, भिंतीला काचेच्या आणि लाखेच्या बांगड्यांच्या माळा. वळचणीला एक साळुंकी राहत असे. ती माणसासारखी बोले, पण पाहिले तेवढेच बोले, म्हणून पेठेत तिचा शब्द खरा मानीत.

कमळजेच्या हाताला गुण होता. बाई समोर बसली की ती आधी बाईचा हात हातात घेई. अंगठ्याचे मूळ हळूहळू दाबी, माहेरची खुशाली विचारी, आणि बोलता बोलता बांगडी कधी मनगटावर चढली हे बाईला कळतही नसे. उठताना बाया तिला नमस्कार करीत. तेथली कासारमंडळी जिभेला फार जपत. बांगडी तडकली तर ती फुटली असे कोणी म्हणत नसे, ती वाढली म्हणत. संध्याकाळी दुकान बंद करीत नसत, वाढवीत. आणि निघणारे माणूस उंबऱ्यावर जातो म्हणत नसे, येतो म्हणे. दुकानदार त्याला या म्हणे.

मग समोर रत्नाकरशेठ आला. त्याने दुकानाला आरसे लावले, दारात चौघडा बसवला. चौघडा वाजला की बाया तिकडे वळत. कमळजेची सतरंजी रिकामी राहू लागली. त्यातच राजा वज्रसेनाने दवंडी पिटवली, की ज्याच्या दुकानी गर्दी अधिक, त्याच्या हातून राजकन्येचा लग्नचुडा भरला जाईल. राजाला वाटे, जिकडे माणसे धावतात तिकडेच चांगले असते. राजे असे मानतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

कमळजा मनातून खचली. बापाचे नाव बुडेल ही धास्ती तिला झोपू देईना. शेवटी ती डोंगर चढून धूम्रकेश मांत्रिकाच्या गुहेपाशी गेली. धूम्रकेशाच्या जटांतून धूर निघत असे. तो धूर बाजूला सारून त्याने विचारले, "काय हवे?"

"गिऱ्हाईक."

"किती?"

"पेठ भरेल इतके."

धूम्रकेशाने तिच्या पुढ्यात एक पितळी घंटा ठेवली. "ही ओढीची घंटा. हिचा नाद ज्याच्या कानी पडेल तो तुझ्या दारी येईल. मोबदल्यात एकच गोष्ट घेईन. तुझ्या उंबऱ्याच्या आत, तुझ्या तोंडून निघालेला पहिला अशुभ शब्द माझा. त्याचे मी काय करावे हे तू विचारायचे नाही."

कमळजेला हा सौदा स्वस्त वाटला. जन्मात कधी अशुभ बोलले नाही, आताच काय बोलणार, असे तिला वाटले. माणसाला स्वतःच्या जिभेचा फार भरवसा असतो. ती घंटा घेऊन खाली आली.

सकाळी तिने घंटा वाजवली. भाकरी तव्यावर टाकून बाया आल्या. रत्नाकरशेठच्या दारातून वळून आल्या. त्यांच्या डोळ्यांत झोपेतल्यासारखी तंद्री होती. काय हवे हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्या हात पुढे करीत होत्या. कमळजा हातांत बांगड्या सारीत होती. अंगठा दाबायला सवड नव्हती, खुशाली विचारायला सवड नव्हती. मान वर केली तर रांग दिसे, आणि रांग पाहून तिला गोड वाटे. दिवसामागून दिवस असेच गेले. भरून झाले की बाया मुक्यानेच उठून जात. कोणी येते म्हणत नव्हते. हे साळुंकीच्या लक्षात आले, कमळजेच्या आले नाही.

एके दिवशी रांगेत बकुळा होती. हंबीर नावाड्याची नवी नवरी. तिच्या हाताचे हाड रुंद होते, बांगडी अंगठ्यापाशी अडली. कमळजेने खाली न बघताच जोर लावला. काच तडकली, मनगटातून रक्त आले.

"कासारीणबाई," बकुळा कळवळून म्हणाली, "बांगडी..."

"फुटली तर फुटली. पुढची या."

शब्द निघून गेला. पेठेतला गलका एकाएकी थांबला. मांडीशी ठेवलेली घंटा बर्फासारखी गार पडली. वळचणीवरची साळुंकी उडाली, नदीवरून फिरून आली आणि म्हणाली, "हंबीर नावाडी दगड झाला आहे."

कमळजा धावत घाटावर गेली. काठालगत नाव उभी होती. नावेत हातात वेळूचा दांडा घेतलेला हंबीर उभा होता आणि तो पायापासून केसापर्यंत काळ्या दगडाचा होता. बकुळा आधीच धावत पोचली होती आणि त्याच्या पायांना मिठी मारून बसली होती. कमळजेला काहीतरी बोलावेसे वाटले. पण लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली. ती तशीच मागे वळली आणि पुन्हा डोंगर चढून गेली.

"माझा शब्द परत दे," ती धूम्रकेशाला म्हणाली.

"घंटा गाडून टाक. मी तीन गिऱ्हाइके पाठवीन. तिघांनी तुझ्या उंबऱ्यावरून निघताना आपणहून पुन्हा येण्याचा शब्द दिला, तर तुझा शब्द परत करीन. मागून घेतलेला शब्द चालणार नाही. ही अट त्यांच्या कानी गेली तरी चालणार नाही. अमावास्येला सूर्य बुडेपर्यंत मुदत. नंतर त्या दगडाचा भुगा होईल."

कमळजेने घंटा परसात खोल गाडली आणि दुकान उघडून बसली. आता दारी कोणी फिरकेना. ज्या बाया तंद्रीत आल्या होत्या त्यांना तिचे दुकान आठवतही नव्हते.

पहिले गिऱ्हाईक आले ती नागकन्या होती. पदराखालून शेपटीचे टोक दिसत होते. ते कमळजेने पाहिले आणि पाहिले नाहीसे केले. नागकन्येचे मनगट मोठे चमत्कारिक. बांगडी घालावी तर ते आक्रसून जाई आणि बांगडी घसरून पडे, लहान घालावी तर फुगून येई. माळांमागून माळा उतरल्या, दुपार झाली. मग कमळजेच्या ध्यानात आले, की रस्त्याने कोणी गेले, कोणी डोकावले, की मनगट बदलते. तिने दारावर अर्धा पडदा सोडला. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाई, घाई नाही. आपल्याला कोणता रंग आवडतो?"

नागकन्येने तांब्या खाली ठेवला. "हे कोणी विचारले नव्हते. सगळीकडे हेच घे, तेच घे, असे सांगतात." मग हळूच म्हणाली, "पाण्याखालच्या शेवाळाचा."

कमळजेने तळाच्या पेटीतून तशा बांगड्या काढल्या. त्या मनगटावर नीट बसल्या. नागकन्या उठली, उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "येते."

"या," कमळजा म्हणाली.

दुसरे गिऱ्हाईक गर्जना करीत आले. तो एक यक्ष होता, ताडाइतका उंच, दारात वाकून उभा राहिलेला. त्याने लाखेच्या बांगड्या सतरंजीवर फेकल्या. त्यांवरचे आरसे निखळले होते, रंग उडाला होता. "हा माल तुझा. माझ्या आईचा चारचौघांत अपमान झाला." सगळी पेठ गोळा झाली. कमळजेने बांगडी उलटून पाहिली. ती तिच्या दुकानची नव्हती, आतल्या अंगाला तिची खूण नव्हती. लोक म्हणाले, हाकलून दे, सरळ खोटे बोलतो आहे.

कमळजेने यक्षाचे बोलणे संपू दिले. त्याचा राग ओसरायला वेळ लागला, कारण यक्षांचा राग मोठा असतो. मग तिने विचारले, "आईंनी कधी घातल्या होत्या?"

"माझ्या बहिणीच्या लग्नात," यक्ष म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "हात वर केला आणि आरसे गळून अक्षतांत पडले. बाया हसल्या. आई त्यानंतर घराबाहेर पडलेली नाही."

"माल माझ्या दुकानचा नाही, खोटे कशाला सांगू. पण काम माझेच आहे."

तिने शेगडी पेटवली. लाख मऊ करून एकेक आरसा बसवला, रंगाचा हात दिला. यक्ष गुडघ्यांत डोके घालून बघत बसला. काम झाल्यावर त्याने बांगड्या उपरण्यात बांधल्या. आभार मानायची त्याला सवय नव्हती. उंबऱ्याबाहेर डोके काढून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आईला घेऊन येतो."

"या," कमळजा म्हणाली.

अमावास्येचा दिवस उजाडला. साळुंकी घाटावरून येऊन सांगे, दगडाला पायाशी तडा गेला, गुडघ्यापर्यंत आला, छातीपर्यंत आला. तिसरे गिऱ्हाईक काही येईना. ऊन कलल्यावर दारात बकुळा उभी राहिली.

 धूम्रकेशाने तिसरे माणूस कोणते निवडले हे कमळजेला आता कळले. एका शब्दावर हिचा नवरा पुन्हा जिवंत होईल, आणि तो शब्द हिला सांगता येत नाही, मागता येत नाही. आणि हिने तो आपल्याला का म्हणून द्यावा?

"बस, पोरी."

"बसायला आले नाही." बकुळेने डाव्या हाताने पदराची गाठ सोडली आणि त्या दिवशी हातात चढलेल्या बाकीच्या बांगड्या सतरंजीवर ठेवल्या. "या तुमच्या. मला नकोत. एवढे विचारायचे होते. त्या दिवशी तुम्ही माझा हात पाहिला होता का?"

पाहिला होता, असे म्हणता आले असते. त्याने बकुळेला थोडे बरे वाटले असते, मन वळलेही असते. कमळजेच्या ओठांवर ते आले होते.

"नाही," ती म्हणाली. "रांगेकडे बघत होते. तुझा हात मी पाहिलाच नाही. पाहिला असता तर ती बांगडी तुला लहान आहे हे मला कळले असते. चूक माझी आहे, आणि तिची भरपाई माझ्याजवळ नाही."

बकुळेच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने ते पुसले. "खरे बोललात. तेवढेच हवे होते." ती वळली. "जाते."

तो शब्द त्या दुकानात कोणी कधी उच्चारला नव्हता. साळुंकीने डोळे मिटले. समोरच्या खांबाआड धुराची एक रेघ हलली, धूम्रकेश तेथे उभा होता. बकुळेने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तोल सावरायला उजव्या हाताने चौकट धरली. धरताच तिने तो हात झटकन मागे घेतला.

कमळजेने ते पाहिले. मनगट सुजले होते, कातडी तांबडी झाली होती. त्या क्षणी तिच्या मनातून अट गेली, अमावास्या गेली, खांबाआडचा धूर गेला.

"थांब. हात दे इकडे." ती उठून उंबऱ्याशी गेली. "यात काच राहिली आहे. इतके दिवस सोसलेस? कोणी पाहिले नाही?"

"पाहणारा दगड झाला आहे," बकुळा म्हणाली.

कमळजेने तिला उंबऱ्यावरच बसवले. हात मांडीवर घेतला. अंगठ्याचे मूळ हळूहळू दाबले, बोटे ढिली होईपर्यंत दाबत राहिली. बकुळेच्या माहेरी कोण कोण आहे हे विचारले. बकुळा एकेक नाव सांगू लागली. धाकट्या भावाचे नाव सांगत असताना सुईच्या टोकाने काचेचा कण बाहेर आला. बकुळेला तो निघाल्याचे कळले नाही. कमळजेने जखम धुतली, हळद दाबली, स्वतःच्या पदराची किनार फाडून पट्टी बांधली. सूर्य नदीच्या पाण्याला टेकला होता, आणि दोघींपैकी कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

"ही पट्टी उद्या बदलायला हवी," कमळजा गाठ मारता मारता म्हणाली. "घाटाजवळ वैद्यबुवा आहेत. त्यांच्याकडे जा, तुला तेच जवळ पडेल."

बकुळेने मनगट फिरवून पाहिले. दुखत नव्हते. ती उभी राहिली.

"वैद्यबुवांचा हात जड आहे," ती म्हणाली. "उद्या तुमच्याकडेच येते."

"बरे, ये," कमळजा म्हणाली, आणि सांडलेली हळद गोळा करू लागली. आपण काय ऐकले हे तिला साळुंकी ओरडली तेव्हा कळले.

"नदीवर हंबीर नाव हाकतो आहे," साळुंकी म्हणत होती. "हंबीर बकुळेला हाका मारतो आहे."

बकुळेने ते ऐकले आणि ती पळत सुटली. परसात गाडलेल्या घंटेतून एक कर्कश आवाज आला आणि ती मातीतच विरघळून गेली. धूम्रकेश खांबाआडून बाहेर आला. त्याच्या जटांतला धूर विझला होता, तो नुसता एक थकलेला म्हातारा दिसत होता. तो पेठेतून चालत निघाला. तो येतो म्हणाला नाही, आणि त्याला या असे कोणी म्हटले नाही. पुन्हा त्या राज्यात तो कोणाला दिसला नाही. राजा वज्रसेनाने साळुंकीची साक्ष ऐकली आणि आपली दवंडी मागे घेतली. राजकन्येने कोणाच्या हातून चुडा भरावा, हे त्याने राजकन्येला विचारले. तोवर ते कोणाला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळा आली. मागे हंबीर होता, उन्हाकडे पाहून डोळे किलकिले करणारा. कमळजेने पट्टी सोडली, जखम पाहिली, नवी पट्टी बांधली. घेण्यादेण्याचे काही बोलणे झाले नाही.

पट्टी झाली तरी बकुळा उठेना. मग तिने दुसरा हात पुढे केला. "हा बरा आहे," ती म्हणाली. "यात भरा."

कमळजेने तो हात दोन्ही हातांत घेतला.  भिंतीवरच्या माळेकडे तिने लगेच पाहिले नाही. ती त्या हाताकडे पाहत राहिली, रुंद हाडाकडे, कामाचे घट्टे पडलेल्या तळव्याकडे, आणि बाहेर पेठ भरू लागली तरी तिने मान वर केली नाही.

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या दारी माणसांची ये-जा राहो. सांगणाऱ्याचे सांगून झाले.