शुभदेच्या काठावरील पाणपोया

रत्नशैल नावाच्या राज्यात प्रजेने निवडून दिलेली एक सभा होती, आणि त्या सभेच्या इतिहासात एकही योजना कधी फसली नव्हती!

राजा भद्रसेन खजिन्यातून जो खर्च करी, त्याची तपासणी ही प्रजासभा दरवर्षी चैत्रात करीत असे. एकेका योजनेचे नाव पुकारले जाई. ज्या सभासदाने ती मांडलेली असे, तोच उभा राहून म्हणे, "महाराज, योजना सफल." लगेच दाराशी बसलेला नगारची नगाऱ्यावर टिपरी हाणी, सभासद बाके वाजवीत आणि पुढील वर्षाचा पैसा मंजूर होई. जो योजना मांडतो, त्यालाच तिची सर्वांत अधिक माहिती असते. तेव्हा तपासणीही त्यानेच करावी, अशी तेथील रीत होती. रीत जुनी होती, सोयीची होती, आणि तिच्यामुळे आजवर कोणाचेही मन दुखावले नव्हते.

एक नियमही होता. मात्र तो वापरण्याची वेळ कधी आली नव्हती. एखादी योजना फसली असे ठरले, तर ती त्याच दिवशी बंद करावी आणि तिच्या नावाची शिळा उखडून टाकावी.

या सभेत मंदाकिनीबाई नावाच्या एक सभासद होत्या. त्यांचे बोलणे मोजके आणि लिहिणे काटेकोर. त्यांचे वडील त्र्यंबकशेट यांनी हयातभर आपल्या दाराशी वाटसरूंना पाणी पाजले होते. वडील गेल्यावर मंदाकिनीबाईंनी त्यांच्या नावाने पाणपोयांची योजना सभेपुढे मांडली. राज्याच्या मध्यभागी तापमाळ नावाचा एक उजाड माळ होता. त्यावर ना झाड, ना विहीर. आणि बाजाराची सगळी वाट मात्र त्यावरूनच. तेथून जाणाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी मिळावे, हा योजनेचा हेतू.

योजनेची कलमे मंदाकिनीबाईंनी स्वतः लिहिली. त्यांतील मुख्य कलम असे होते: 'पाणपोईचे माठ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत भरलेले असावेत. ज्या पाणपोईचा माठ कोरडा आढळेल, तिच्या कारभाऱ्यास दंड व्हावा.'

"वा, मंदाकिनीबाई!" त्यांचे सहकारी वामनराव म्हणाले होते. "तुमच्या कलमातून पाण्याचा थेंबही गळायचा नाही!"

कलम मंजूर झाले. पाणपोया बांधल्या गेल्या. दरवर्षी मंदाकिनीबाई उभ्या राहत, 'सफल' म्हणत, आणि नगारा वाजे.

एके वर्षी पाऊस फार थोडा झाला. पिके गेली, शेतसारा आला नाही, खजिना खाली झाला. राजाने सभेला कळवले, "यंदा सर्व योजना चालवता येणार नाहीत. जी खरोखर लोकांच्या उपयोगी पडते, तिलाच पैसा मिळेल. पुढच्या आठवड्यात सभा बसेल."

सबंध राजधानीत एकच धांदल उडाली! जो तो सभासद आपल्या योजनेची शिळा घासूनपुसून घेऊ लागला. कोणी कमानी उभारल्या, कोणी भाषणे पाठ केली. मंदाकिनीबाईंनी मात्र गाडी जुंपण्यास सांगितले.

"हे काय, कोठे निघालात?" वामनरावांनी विचारले.

"पाणपोया पाहावयास."

"अहो, शेवटी सफलच म्हणायचे आहे ना? त्यासाठी या उन्हात कशाला जाता?"

"सफल म्हणायचेच आहे, वामनराव, परंतु डोळ्यांनी पाहून म्हटले, की आवाज खणखणीत लागतो."

गाडी शुभदा नदीच्या काठी आली, आणि मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले. काय ते दृश्य! काठाने पाणपोयांची ओळच्या ओळ. वर झेंडे, दाराला फुलांच्या माळा, लालभडक माठ काठोकाठ भरलेले, आणि प्रत्येक शिळेवर वडिलांचे नाव. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की माठांपाशी कोणीच थांबत नाही. वाटसरू येत होते, सरळ नदीत उतरत होते, ओंजळीने पोटभर पाणी पीत होते आणि पुढे जात होते. सावलीत भुजंगा नावाचा पाणक्या पाय पसरून बसला होता.

"काय रे, येथे पाणी प्यायला कोणी येत नाही?" बाईंनी विचारले.

भुजंगाने त्यांना ओळखले नाही. "येतात की, अक्का! मागे एक म्हातारबाबा आले होते. गुडघ्यांनी बेजार. त्यांना नदीत उतरवेना."

"मग एवढ्या माठांतल्या पाण्याचे होते काय?"

"संध्याकाळी नदीत ओततो, सकाळी नदीतून भरतो. तसेच ठेवले तर शेवाळ धरते, आणि बाईसाहेबांच्या नियमात शेवाळालाही दंड आहे."

"परंतु या पाणपोया तर तापमाळासाठी होत्या!"

"तापमाळावर माठ ठेवला, तर दुपार व्हायच्या आत लोक पिऊन संपवतात. संपला की कोरडा, आणि कोरडा की दंड. आमचे कारभारी हुशार. ते म्हणाले, जिथे माठ कधी कोरडा पडणार नाही, अशाच जागी पाणपोई बांधा." भुजंगा खो खो हसला. "आता इथला माठ कोरडा पडायचा, तर आधी नदी आटली पाहिजे!"

मंदाकिनीबाईंना आपले कलम आठवले. रिकामा माठ म्हणजे भागलेली तहान. तीच गोष्ट त्यांनी आपल्या सुंदर कलमाने गुन्हा ठरवली होती!

गाडी पुढे निघाली. गाडीवानाने बैलांना पाणी पाजले होते; बरोबर पाणी घेण्याचे भान मात्र कोणालाच राहिले नाही. तापमाळावर ऊन असे पेटले होते, की वाटेवरची हवा थरथरत होती. बाईंचा घसा कोरडा पडला. त्यांची नजर सारखी वाटेच्या दोन्ही बाजूंना जात होती. कोठेही पाणपोई नव्हती.

माळाच्या मध्यावर एका खडकाच्या ओंजळभर सावलीत कोंडाबाई कासारीण बांगड्यांचे गाठोडे उतरवून बसली होती. दर आठवड्याच्या बाजाराला ती हा माळ ओलांडीत असे. बाईंचा चेहरा पाहताच तिने आपल्या फिरकीच्या तांब्याचे झाकण काढले.

"या, बसा अक्का. पार कोमेजलात की! घोट-दोन घोट उरलंय, दोघींत वाटून घेऊ."

मंदाकिनीबाई पाणी प्यायल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "या माळावर एकही पाणपोई नाही?"

"आहेत ना, त्र्यंबकशेटच्या! पण त्या नदीवर. नदीला फार तहान लागते म्हणे!" कोंडाबाई हसली, तशा तिच्या हातांतल्या बांगड्या किणकिणल्या. "आमच्या बाजारात काही बिनकामाचं निघालं, की बायका त्याला त्र्यंबकशेटची पाणपोई म्हणतात. परवा एकीच्या हातात बांगडी जाईना, तर मलाच म्हणते कशी, कोंडाबाई, ही तुझी त्र्यंबकशेटची पाणपोई परत घे!"

"ते फार चांगले गृहस्थ होते," मंदाकिनीबाई कशाबशा बोलल्या.

"असतील, मी कुठं नाही म्हणते? पण गेलेल्या माणसाला आपला चांगुलपणा सांगायला परत येता येत नाही, अक्का. त्याच्या नावावर मागची माणसं काय करतात, तेवढंच लोकांना दिसतं."

"मीच त्यांची मुलगी. ही योजना माझी."

कोंडाबाईने जीभ चावली. पण लगेच सावरून ती म्हणाली, "मग बरं झालं, तुमच्यापाशीच बोलले. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग काय होता?"

सभेचा दिवस उजाडला. दालन खच्चून भरले होते. खिडक्यांतूनही माणसे डोकावत होती. मंदाकिनीबाईंनी पाहिलेले सारे दालनाच्या पायऱ्यांवरच वामनरावांना सांगितले. वामनरावांनी चटकन इकडे तिकडे पाहिले.

"बाई, आज गुपचूप सफल म्हणा. कलम पुढच्या वर्षी हळूच बदलू. शिळाही राहतील आणि माळाला पाणीही मिळेल. फसली म्हणालात, तर नियमाप्रमाणे योजनाच बंद! आणि उद्या कोणी माझ्या योजनेतले गल्लीदिवे तपासायला निघाले म्हणजे?"

सल्ला सोयीचा होता. खरे सांगायचे तर तो मंदाकिनीबाईंना पटूही लागला. वडिलांचे नाव वाचणार होते. कोणाला काही कळणार नव्हते. परंतु यंदाचा उन्हाळा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार होता काय? आणि रित्या खजिन्यातला पैसा आज खोटे बोलून घ्यावयाचा, तो कोणाच्या तोंडचा घास काढून?

"त्र्यंबकशेट पाणपोई योजना!" पुकारा झाला.

मंदाकिनीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पदर नीट केला, राजाकडे पाहिले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "महाराज, योजना फसली."

धडाम्! सवयीने नगारा वाजला. मागच्या रांगेतल्या दोघांनी सवयीने बाकही वाजवले. आणि मग सगळ्या सभेत अशी शांतता पसरली, की नगाऱ्याचा नाद विरताना ऐकू आला.

नगारची घाबरून म्हणाला, "बाईसाहेब, वाजून गेला. आता काय करू?"

कोणी हसले नाही. राजाने विचारले, "कोणाच्या चुकीने फसली?"

"माझ्या, महाराज. मी माठांची काळजी घेणारे कलम लिहिले. माणसांची काळजी त्यात लिहावयाची राहिली. आणि इतकी वर्षे मी न पाहता सफल म्हणत आले."

"नियमाप्रमाणे आपल्या वडिलांच्या नावाच्या शिळा उखडाव्या लागतील."

"उखडाव्यात." त्यांचा आवाज कापला, पण शब्द कापले नाहीत. "योजना बंद करण्याचा नियम आहे, तहान बंद करण्याचा नाही. नदीकाठचे माठ आजच तापमाळावर पाठवावेत. कोरड्या माठाचा दंड रद्द करावा. उलट जेथे माठ लवकर संपेल, तेथे दुसरा माठ द्यावा. आणि पुढच्या चैत्रात तपासणी माझ्याकडे देऊ नये. तापमाळावर एक कासारीण आहे, ती दर आठवड्याला तो माळ तुडवते. तिला विचारावे."

एकच कल्लोळ झाला! "रीत मोडली!" कोणी ओरडले. "कासारीण आमची तपासणी करणार?" दुसरे कोणी गरजले. आणि त्या गोंगाटात वामनराव उभे राहिले. त्यांची पगडी एका बाजूला झुकली होती.

"महाराज, माझे गल्लीदिवेही कोणीतरी पाहून यावे. मी... मी दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नाही. ते लागतात की नाही, मला ठाऊक नाही."

आता मात्र सभा खदखदून हसली. आणि हसता हसता दुसरा सभासद उठला, मग तिसरा, मग एकदम कितीतरी! कोणाला आपली धर्मशाळा पाहून घ्यावीशी वाटली, कोणाला आपला घाट. राजा भद्रसेन आसनावरून उठून उभाच राहिला. "जुनी रीत आजपासून बंद," तो म्हणाला. "यापुढे योजना मांडील एक आणि तपासील तो, ज्याच्यासाठी ती मांडली. आणि तापमाळाच्या पाण्याची नवी योजना, बाईंनी सांगितली तशी, आजच सुरू व्हावी."

त्याच दुपारी माठांनी भरलेल्या गाड्या तापमाळाकडे धावू लागल्या. भरजरी अंगरख्यांतले सभासद माठ सावरीत गाड्यांमागे पळत होते. असा सोहळा राजधानीने कधी पाहिला नव्हता! नदीकाठी शिळा उखडल्या जात असताना मंदाकिनीबाई तेथे ताठ उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

पुढचा चैत्र आला. दालनाच्या मधोमध कोंडाबाई उभी राहिली. बाकांवरून एकही माणूस हलत नव्हता.

"बोला, बाई," राजा म्हणाला. "योजना सफल की असफल?"

"ते तुमचे शब्द, महाराज. मी आपली पाण्याचं सांगते. पाणी मिळतं, पोटभर मिळतं. पण माठ उघड्यावर आहेत. दुपारी त्यातलं पाणी प्यावं की त्यानं अंघोळ करावी, ते कळत नाही. वर छप्पर घाला. आणि तुमचा तो पाणक्या गाडीवानांना आधी देतो, डोक्यावर ओझं घेतलेल्या बायकांना मागून. त्याला जरा समज द्या."

साऱ्या माना मंदाकिनीबाईंकडे वळल्या. भर सभेत दोष निघाले होते; आता बाईंना काय वाटेल?

मंदाकिनीबाई तर केव्हाच उठून उभ्या राहिल्या होत्या. बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "ऐकलेत ना, महाराज? दोन दोष! आमच्या एवढ्या वर्षांच्या तपासणीत एकसुद्धा सापडला नव्हता!"

आणि छपराचा ठराव सभेपुढे येण्याआधीच, सगळे शिष्टाचार बाजूला सारून, त्या कोंडाबाईजवळ जाऊन विचारीत होत्या, "छप्पर गवताचे घालू, की पळसाच्या पानांचे? तुला कोणते थंड वाटते?"

तात्पर्य: आपल्या कामाला आपणच शाबासकी देणे म्हणजे तपासणी नव्हे, ज्यांच्यासाठी काम केले त्यांना विचारावे, चूक निघाल्यास ती आपल्या तोंडाने कबूल करावी, आणि दोष दाखवणाऱ्याचे उपकार मानून त्याच क्षणी दुरुस्तीला लागावे.