तोच घोडा, तोच लगाम

सरदारांचे चिरंजीव, धाकटे सरकार जयसिंगराव, भर पेठेतून घोडा फेकत निघाले आणि सटवाजी जिनगराची लेक टापांखाली गेली. तिसऱ्या दिवशी थोरल्या सरदारांनी सटवाजीलाच चावडीसमोर उभं केलं, कारण त्यांच्या पागेचे लगाम तोच शिवत असे.

"माझ्या अमलात बैलाला वेसण आहे, हत्तीला अंकुश आहे. मग घोडाच का आवरला नाही? तुझा लगाम कच्चा! हातच तोडायला हवेत तुझे."

लेकीची राख सावडून आलेला सटवाजी खालमानेनेच म्हणाला, "तोडा, सरकार. पण आधी परीक्षा बघा. त्याच घोड्याला तोच लगाम चढवा. धाकट्या सरकारांनी तसाच भरधाव यावं, आणि समोर आपण उभं राहावं."

सारी पेठ ऐकत होती. भ्यालो असं दिसू नये म्हणून सरदार उभे राहिले.

घोडा धुरळा उडवत आला. बाप दोन हातांवर राहिला तसा जयसिंगरावांनी लगाम खेचला आणि जनावर जागीच थबकलं.

सटवाजीने लगामाची शिवण चाचपली. एकही टाका उसवला नव्हता.

"लगाम पक्का आहे, सरकार," तो म्हणाला. "परवा तो कुणी ओढलाच नव्हता. समोर माझी लेक होती."