गोजराने मारुतींना नावं ठेवली

राजकन्येला बघायला आलेले पाहुणे सकाळी वेटोळी गावात शिरले, दिवसभर हिंडले आणि संध्याकाळी ज्या वेशीतून आत आले त्याच वेशीतून बाहेर पडले. राजवाडा त्यांना सापडलाच नाही!

वाड्यात पुरणपोळ्या गार झाल्या आणि मानाजीराव महाराज तापले. वेशीवरच्या सटवाजी पहारेकऱ्याला पुढ्यात उभं केलं.

"काय रस्ता सांगितलास रे पाहुण्यांना?"

"न्हेमीचाच, म्हाराज. मारुतीपाशी डावीकडं वळा."

"कोणत्या मारुतीपाशी?"

सटवाजी डोकं खाजवू लागला. वेटोळीत मारुती होते अकरा! आणि गावकऱ्यांची खोड अशी, की आपल्या आळीतला तेवढा खरा मारुती, बाकीचे आपले असेच. पाहुणे बिचारे दिसेल त्या मारुतीपाशी डावीकडे वळत गेले. डावीकडे वळून वळून माणूस दुसरं जाणार कुठे?

दिवाणजींनी लगेच डोकं चालवलं. दुसऱ्याच दिवशी अकराही देवळांवर पाट्या लागल्या. प्रत्येक पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘मारुती’! मग त्यांनी चौकाचौकात बाण लावले, ‘राजवाड्याकडे’. संध्याकाळपर्यंत दुकानदारांनी ते हळूच आपापल्या दुकानाकडे फिरवून घेतले. महाराज स्वतः बाण बघत फेरफटका मारायला निघाले आणि एका भांड्यांच्या दुकानात पोहोचले. तिथल्या दुकानदाराने त्यांना घागर दाखवली. महाराजांनी घरी येऊन सगळ्या पाट्या चुलीत घातल्या.

तेवढ्यात पाहुण्यांचा, म्हणजे हिंमतरावांचा, खलिता आला. ‘शनिवारी पुन्हा येतो. वाट दाखवायला शिपाई पाठवू नयेत, धरून नेल्यासारखे दिसते. या खेपेस वाडा न सापडल्यास सोयरीक मोडली असे समजावे.’

महाराजांनी सटवाजीला पुन्हा बोलावलं. "ऐक! पाटी लावायची नाही, शिपाई द्यायचा नाही, एकही मारुती जागचा हलवायचा नाही. आणि पाहुणे थेट वाड्यावर आले पाहिजेत. चुकले, तर तू आणि तुझी बायको गावाबाहेर!"

सटवाजी घरी आला तो रडवेला. त्याची बायको गोजरा रुईच्या माळा करत बसली होती. अकराही मारुतींना दर शनिवारी तिच्याच माळा जात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटची गाठ मारली.

"एवढंच ना? उगी ऱ्हावा. मारुती सारखे असतील, पण त्यांचे शेजारी सारखे न्हाईत!"

दुसऱ्या दिवसापासून गोजरा उगाचच अकराही देवळांच्या वाऱ्या करू लागली आणि आळीआळीत मोठ्याने बोलू लागली. "शनिवारी शिंक्याला मोठी माळ हाय बरं का! अन् बहिऱ्याला दोन!" पोरांनी नावं उचलली, पोरांकडून बायांनी, आणि चार दिवसांत गावाच्या तोंडी तीच झाली. वाड्यापुढच्या मारुतीचं नाव मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी महाराज वाड्याच्या दारात वाट बघत उभे होते. शेजारी दिवाणजी कान भरत होते. गोजरा वाड्यापुढच्या मारुतीला माळ घेऊन आली, तशी महाराजांनी हाक मारली.

"काय गं, देवाला नावं ठेवतेस?"

"ठेवत न्हाई, म्हाराज. देते!"

"जिभेला हाड आहे का हिच्या!" दिवाणजी ओरडले. "महाराज, पाहुणे नाही आले तर..."

इकडे वेशीवर सटवाजी घडाघडा सांगत होता, "सरकार, शिंक्या मारुतीपाशी डावीकडं, बहिऱ्यापाशी सरळ, मिटक्यापाशी उजवीकडं!"

हिंमतराव वैतागले. "अरे, आम्ही परगावचे! शिंक्या कोणता ते आम्हाला कसं कळणार?"

"तुमाला कशाला कळाया पायजे, सरकार? तुमच्या नाकाला कळंल!"

मंडळी निघाली. पहिला मारुती आला, कुणाला काही झालं नाही, पुढे गेली. दुसऱ्या मारुतीशेजारी मिरची कांडणं चाललं होतं. हिंमतरावांना सटासट सात शिंका आल्या. "डावीकडे!" ते ओरडले. पुढे तांबट आळीतल्या मारुतीपाशी हातोड्यांचा असा दणदणाट, की सगळ्यांनी कानात बोटं घातली. बहिऱ्या! सरळ! पुढच्या मारुतीसमोर हलवाई बासुंदी आटवत होता. मंडळी मिटक्या मारत उजवीकडे वळली, आणि समोर राजवाडा!

"आले!" महाराज लहान मुलासारखे ओरडले. सटवाजी पाहुण्यांच्या मागे धापा टाकत येत होता. त्याला बघून गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर ती मनातून घाबरलेलीच होती.

"पण गोजरा, माझ्या दारातल्या मारुतीचं नाव काय?"

"त्ये पाव्हणंच सांगतील, म्हाराज."

हिंमतराव मारुतीच्या पारावर मटकन बसले, पागोटं काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, "हुश्श!"

"ऐकलं? हुश्श्या मारुती!"

महाराज हसू लागले. मग त्यांना गंमत सुचली. "बरं, देवांना नावं दिलीस. आता मला काय नाव ठेवशील?"

दिवाणजी खूश झाले. आता सापडली ही!

गोजराने पदर सावरला. "माझी काय छाती, म्हाराज? अन् मी कशाला ठेवू? तुमाला नावं ठेवाया अख्खा गाव हाय की!"

दिवाणजींनी मोठ्या आशेने महाराजांकडे पाहिलं. आणि मग महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं घरंगळून पारावर हिंमतरावांच्या पागोट्याशेजारी जाऊन पडलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या टोपलीत टाकलं.

"सटवाजी, तू वेशीवरच राहा," ते डोळे पुसत म्हणाले. "पण आजपासून तू नुसतं दार उघडायचं. रस्ता ही सांगेल!"