लुमाजीचे टोणगे

फार पूर्वी, समुद्रापासून चार दिवसांच्या वाटेवर, माळरानात एक गाव होतं. तिथे घरोघरी टोणगे, म्हणजे म्हशीचे नर, पोसले जात. उन्हाळ्याच्या तोंडावर माळावर त्यांचा मोठा बाजार भरे. बंदरावरचे कासमशेठ येत आणि टोणगे विकत घेऊन जात. बंदरावर त्यांचं मांस खारवून गलबतांत भरलं जाई आणि दूरदेशी रवाना होई. साऱ्या गावाचं पोट त्या एका बाजारावर चाले.

त्या गावात लुमाजी राहायचा. त्याचे वीस टोणगे दृष्ट लागावी असे. बाजाराला आठ दिवस उरले होते. सकाळी त्याने वैरण टाकली, तर एक टोणगा तिला तोंडच लावेना. त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. लुमाजीने जबडा उघडून पाहिलं. जिभेवर फोड होते. खुरांच्या बेचक्यातही फोड होते.

"लाळ्या-खुरकूत," तो बायकोला, कोंडाबाईला म्हणाला.

कोंडाबाईचा भाऊ गेनू शेजारीच राहायचा. कुंपणापलीकडून त्याने सगळं ऐकलं.

"दाजी, एकालाच झालंय ना? त्याला मागे बांधा, बाकीचे एकोणीस बाजारात न्या. शेठची माणसं काय प्रत्येकाची जीभ बघत बसणार आहेत?"

"आणि उद्या ते एकोणीस आजारी पडले तर?"

"उद्या ते शेठचे, आपले नाहीत. तुम्ही बोललात तर बाजार भरायचाच नाही. गावात वैरण बाजारापुरतीच आहे. न विकलेली जनावरं उन्हाळाभर काय माती खातील?"

गेनू बोलत होता त्यात खोटं काही नव्हतं. लुमाजी दिवसभर गोठ्यातून हलला नाही. शेवटी कोंडाबाई म्हणाली, "अहो, कसला विचार करताय एवढा?"

"बंदरापर्यंत वाटेत सात गावं लागतात. आपले टोणगे प्रत्येक गावाच्या पाणवठ्यावर पाणी पिणार. त्या गावांतल्या गाईवासरांनी आपलं काय बिघडवलंय?"

"मग सांगून टाका. लोक शिव्या देतील. शिव्यांनी कुणाच्या जिभेला फोड येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी लुमाजी चावडीपासून लांब उभा राहिला आणि त्याने ओरडून सगळं सांगितलं. लोक भडकले. कुणी म्हणालं, घात केलास. कुणी म्हणालं, गप्प बसला असतास तर काय झालं असतं? पण ऐकल्यावर बाजार भरवायची कुणाची छाती झाली नाही. गावाने त्याच्या घराभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि जनावरं दूरच्या माळावर नेली.

कासमशेठ आले तेव्हा लुमाजीने त्यांना शिवेवरच हात करून थांबवलं. "शेठ, पुढे येऊ नका. माझ्या गोठ्यात रोग आहे."

शेठ घोड्यावरच बसून राहिले. मग त्यांनी तिथूनच घोडा वळवला.

तो उन्हाळा कठीण गेला. लुमाजीचे तीन टोणगे मेले. बाकीचे लंगडत, हाडं दाखवत जगले. गावाने वडा-पिंपळाचा पाला तोडून जनावरं कशीबशी तगवली. पण रोग काट्यांच्या कुंपणाबाहेर पडला नाही. एक दिवस कोंडाबाईला कुंपणाशी पाल्याचा भारा दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. तिसऱ्या दिवशी तिने भारा ठेवताना गेनूला पकडलं. तो मान खाली घालून म्हणाला, "दाजींना सांगू नकोस."

नदीपलीकडच्या एका गावातही तोच रोग आला होता. त्यांनी मात्र तो लपवला आणि जनावरं विकली. रोग वाटेवरच्या गावांत शिरला, बंदरावरच्या गुरांच्या वाड्यांत शिरला. गाड्यांचे बैलसुद्धा उभे राहीनात. रोगाचं कळताच परदेशी व्यापाऱ्यांनी मांसाने भरलेली गलबतं परत पाठवली. वर्षभर बंदरावरून मांसाचा एक तुकडाही बाहेर गेला नाही. मग परदेशातून निरोप आला: ज्या गावाच्या शब्दावर तुमचा विश्वास असेल, तिथलाच माल आम्ही घेऊ.

कासमशेठ थेट लुमाजीच्या दारात येऊन उतरले. तेव्हा रोग जाऊन वर्ष होत आलं होतं आणि टोणगे पुन्हा अंगाने भरले होते.

"लुमाजी, माझी सगळी गलबतं रिकामी उभी आहेत," शेठ म्हणाले. "गावातले कोणते टोणगे नेऊ ते तू सांग."

लुमाजी घरोघर फिरला. प्रत्येक जनावराचं तोंड उघडून, खूर उचलून त्याने पाहिलं. गेनूच्या दोन टोणग्यांपाशी तो थांबला. "हे जरा मंद दिसतात. या खेपेला नकोत."

सगळे गेनूकडे बघू लागले. गेनूने स्वतःच त्या दोघांचे दोर सोडले आणि त्यांना बाजूला नेऊन बांधलं. "दाजी म्हणतात तर नकोत," तो म्हणाला.

त्या दिवशी गावातून जेवढे टोणगे बंदराकडे निघाले, तेवढे पूर्वी कधीच निघाले नव्हते. वाटेतल्या सातही गावांनी त्यांना आपल्या पाणवठ्यावर पाणी पिऊ दिलं.

तात्पर्य: झाकलेला रोग गावोगाव फिरतो, सांगितलेला रोग दारातच थांबतो. आणि आपलं नुकसान सोसून खरं बोलणाऱ्याचा शब्द दूरदेशीही चालतो.