फळ्यांची भिंत

एकदा एका संस्थानात एका तालमीला कुलूप लागले, आणि ते लावणाऱ्यांचीच गावभर वाहवा झाली.

तालीम मोठी नावाजलेली होती. तिथला वस्ताद मात्र नराधम निघाला. जरा चुकले की तो तरुण मल्लांना मालिशच्या खोलीत नेई, दार लावून घेई आणि चामड्याच्या पट्ट्याने फोडून काढी. वर्षानुवर्षे हे चालले. अखेर सिदू नावाच्या मल्लाने भर दरबारात अंगरखा काढून पाठ दाखवली, आणि वस्तादाची रवानगी कैदेत झाली.

मग तालमीचा कारभार पाहणारे पंच जागे झाले. 'तालीमच कलंकित झाली,' असे म्हणत त्यांनी तिला कुलूप ठोकले. तिथल्या एकाही मल्लाने यापुढे जत्रेच्या कुस्त्यांत उतरायचे नाही, असा ठराव केला. काय ही न्यायबुद्धी! ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच घरी बसवले, आणि स्वतः नामानिराळे झाले. सोबत्यांनी सिदूशी बोलणे टाकले. त्याच्या तोंड उघडण्याने सगळ्यांची कुस्ती बुडाली, असेच जो तो म्हणू लागला.

ठरावावर शिक्का उमटवण्याआधी राजाने एका वृद्ध आचार्यांना पाचारण केले आणि निवाडा त्यांच्यावर सोपवला. त्यांच्याबरोबर त्यांचा शिष्य होता. सिदूची हकिगत ऐकल्यापासून त्याचे रक्त उसळत होते.

"गुरुदेव, कुलूप कसलं लावतात? पेटवून द्या ती तालीम!"

"आधी आतून बघू तरी," आचार्य म्हणाले.

त्यांनी कुलूप काढायला लावले. पंचांना लाल मातीच्या हौद्यापाशी, ओट्यावरच्या त्यांच्या नेहमीच्या जागी बसवले. सिदू आणि इतर मल्ल तालमीच्या दाराशी उभे राहिले. मग आचार्य शिष्याच्या कानात म्हणाले, "मालिशच्या खोलीत जा, दार लाव आणि हलकेच म्हण, 'वस्ताद, पुरे करा.'"

शिष्य बुचकळ्यात पडला. एवढ्या भयंकर प्रकरणात हा कसला पोरखेळ? तरी तो आत गेला. तेलाचा कुबट वास येत होता. खुंटीवर तो पट्टा अजून लटकत होता. शिष्याने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि हलकेच म्हटले,

"वस्ताद, पुरे करा."

बाहेरून आचार्यांचा आवाज आला. "माझे कान गेले आता. काही बोलला का तो?"

"बोलला ना, महाराज!" एक पंच तत्परतेने म्हणाला. "'वस्ताद, पुरे करा' म्हणाला. अगदी स्पष्ट."

"फळ्यांची तर भिंत आहे," दुसरा म्हणाला. "आत कुणी खोकलं तरी आम्हाला इथे ऐकू येतं."

"असं? मग सिदूचं ओरडणं कसं ऐकू आलं नाही?"

शिष्याने आतून फळ्यांना कान लावला. बाहेर एक पंच पुटपुटला, "जत्रेत दर साली विजेत्याची गदा आपल्याकडे येत होती, महाराज. संस्थानचं नाव होत होतं..."

शिष्य दार ढकलून बाहेर आला. आचार्यांना इतके संतापलेले त्याने कधीच पाहिले नव्हते.

"पट्टा चालवणाऱ्याला कायदा सोडणार नाही, आणि सोडूही नये," ते म्हणाले. "पण तुम्ही हाकेच्या अंतरावर मूग गिळून बसलात. तालीम बंद राहिली तर या ओट्यावर काय ऐकू येतं ते पाहायला कोण येणार होतं? म्हणून हे कुलूप! तालीम आज उघडेल. तुमचं पंचपद आज गेलं. आणि काय ऐकलंत, ते उद्या दरबारात सगळ्यांसमोर सांगायचं. मग तुमची शिक्षा ठरेल."

शिष्याला राहवले नाही. "गुरुदेव, ऐकलं तर या मल्लांनीही होतं. त्यांना शिक्षा नाही?"

"बोलले असते तर पुढचा पट्टा त्यांच्याच पाठीवर बसला असता. या पंचांच्या अंगाला कोण हात लावणार होतं? ज्याला काहीच भीती नव्हती, त्याच्या गप्प बसण्याचा जाब आधी घ्यायचा."

शिष्य खाली मान घालून उभा राहिला. आपण तालीम पेटवायला निघालो होतो, म्हणजे या पोरांचेच घर जाळणार होतो, हे त्याला उमगले. मग तो खोलीकडे वळला आणि भिंतीची पहिली फळी त्याने दोन्ही हातांनी उखडली. दोघे मल्ल मदतीला धावले. आंघोळीचे पाणी तापवण्याच्या चुलीपाशी त्या फळ्यांचा ढीग पडला. पंच तोंडे लपवत निघून गेले.

सिदू अजून दाराशीच होता. आत जावे की नाही, हे त्याला कळत नव्हते. ज्या जोडीदाराने त्याच्याशी सर्वांत आधी बोलणे टाकले होते, तो हौद्यात उतरून परत वर आला. त्याची मान वर होत नव्हती. त्याने मूठभर लाल माती सिदूच्या खांद्यावर घातली, जशी कुस्तीआधी घालतात तशी.

"चल," तो म्हणाला. "उतर."

एखाद्या तालमीला घाईघाईने कुलूप लागलेले दिसले, तर ते लावणारे आजवर कुठे बसत होते, हे आधी विचारावे.